एपिरसचा थिओडोर: हातातोंडाशी आलेला घास स्वतःच घालवला?

गनिमीकावा
१२०४ मध्ये क्रुसेडवाल्यांनी कॉन्स्टँटिनोपल लुटलं आणि बायझंटाईन (म्हणजे पूर्व रोमन) साम्राज्याचे तुकडे झाले. पश्चिमेला एपिरस, पूर्वेला निकिया, दोघांचाही डोळा राजधानीवर. एपिरसच्या थिओडोर कोम्निनोस डुकासने १२२४ मध्ये थेस्सलोनिका घेतलं, पुढे सम्राट म्हणून राज्याभिषेकही करून घेतला. आणि १२३० मध्ये हा बाबा करार मोडून बल्गेरियाच्या राजावर, इव्हान असेनवर चालून गेला! असेनने तोच करार भाल्याला लटकवून लढाई केली म्हणतात. क्लोकोत्नित्साला थिओडोर जिवंत सापडला. निव्वळ उतावळेपणा.

डोंगरवाट
असहमत. १२१७ मध्ये नवा लॅटिन सम्राट (म्हणजे कॉन्स्टँटिनोपलात क्रुसेडवाल्यांनी मांडलेल्या गादीचा) पीटर अल्बेनियाच्या डोंगरांतून निघाला होता, त्याला पकडणारा हाच उतावळा. शिवाय ही माहिती बरीचशी येते जॉर्ज अक्रोपोलितिसकडून, म्हणजे निकियाच्या दरबाऱ्याकडून. पेशव्यांचं चरित्र निजामाच्या मुनशीकडून ऐकायचं का?

गनिमीकावा
मुनशी सोडा. बल्गेरियाच्या तेव्हाच्या राजधानीत, तर्नोवोच्या चर्चमध्ये असेनने खांबावर कोरून ठेवलंय, थिओडोरला सगळ्या सरदारांसकट पकडलं म्हणून. खांब काही निकियाचा नाही.

डोंगरवाट
जिंकणाऱ्याचा आहे ना पण? पकडला गेला हे मीही नाकारत नाही. करार का मोडला, ते खांब सांगत नाही.

चष्मेबहाद्दर
दोघेही १२३० वरच अडकलात. कैदेत कट केला म्हणून असेनने याचे डोळे काढले. पुढे त्याच असेनने याच्या मुलीशी, इरिनीशी लग्न केलं आणि सासरेबुवा सुटले (काय ते घराणं!). मग हा आंधळा माणूस वेष पालटून थेस्सलोनिकात शिरला आणि गादीवरच्या सख्ख्या भावाला हाकलून दिलं. आंधळ्याला सम्राट होता येत नव्हतं, म्हणून नाव मुलाचं, कारभार याचा. उलटा धृतराष्ट्र.

गनिमीकावा
आणि पुढे निकियाच्या सम्राटाने, व्हाताझेसने बोलावलं तर गेला तिकडे, आयताच अडकला. १२४२ मध्ये मुलाला सम्राटपद सोडावं लागलं. तरी १२५२ च्या सुमारास एपिरसवर राज्य करणाऱ्या पुतण्याला निकियाविरुद्ध भरीला घातलंच. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, दुसरं काय.

डोंगरवाट
'भरीला घातलं' हे कोण म्हणतो? परत मुनशीच.

चष्मेबहाद्दर
हो, पण यावेळी ऐकीव नाही. त्या पुतण्याशी तह करायला अक्रोपोलितिस स्वतः लारिसाला गेला होता. परतताना आंधळा थिओडोर बेड्या घालून त्याच्याच सोबत होता.