जुलाब मोजताना मुलाकडेही पाहावे

दिवसातून किती वेळा शौचास झाले म्हणजे जुलाब समजावेत, या प्रश्नाचे उत्तर आधी सांगतो. २४ तासांत ३ किंवा अधिक वेळा पातळ शौचास होणे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आहे. मात्र केवळ अंगावर पिणाऱ्या बाळाला वारंवार सैल शी होणे बहुधा स्वाभाविक असते.

मला अधिक काळजी वाटते ती शरीरातील पाणी कमी होण्याची. मूल चिडचिडे होऊन अधाशासारखे पाणी पिऊ लागले आणि त्याचे डोळे खोल गेले, तर धोका सुरू झालेला असतो; पण ते मलूल पडले, पाणी पिईनासे झाले आणि पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर पूर्ववत व्हायला २ सेकंदांहून अधिक वेळ लागला, तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे. रडणे थांबले म्हणजे मूल शांत झोपले, हा समज फार घातक आहे. शौचातून रक्त पडणे, सतत उलट्या होणे, तासन्‌तास लघवी न होणे यांतही घरगुती उपायांवर विसंबू नये.

मूल पिऊ शकत असेल, तर वाटेत ओआरएस (क्षार-साखरेचे जलसंजीवनी द्रावण) घोटाघोटाने पाजत राहावे आणि अंगावरचे दूध बंद करू नये. आपल्या सांगलीत कृष्णेचे पाणी घरांत शिरते, तेव्हा पूर ओसरल्यानंतरच्या दिवसांत तर ही लक्षणे प्रत्येक घरात ठाऊक असायला हवीत.