होंडा सिटी 1.5 व्हीटेकचे इंजिन बांधताना पिस्टन आणि बोअर कसे ठरवावेत?

प्रश्न (दहिसर)
माझ्याकडे 2002 सालची होंडा सिटी 1.5 व्हीटेक आहे. वर्षभरापासून इंजिन ऑइल खाऊ लागले असून तिसऱ्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन इतर तिघांपेक्षा स्पष्टपणे कमी आहे, त्यामुळे इंजिन उतरवून पूर्ण बांधण्याचे ठरवले आहे. मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 75 मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) 84.5 मिमी आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चौकशी केली, तेव्हा एकाने 0.50 ओव्हरसाइजचे (मूळ मापापेक्षा 0.50 मिमी मोठे) साधे ओतीव पिस्टन सुचवले, तर दुसऱ्याने 76 मिमीचे फोर्ज्ड (दाबून घडवलेले) पिस्टन टाकून ताकद वाढवून घेण्याचा आग्रह धरला. गाडी रोज दहिसर ते अंधेरी चालते आणि महिन्यातून एखाद्या वेळी नाशिककडे जाते. पिस्टन आधी घ्यावेत की बोअर आधी मारून (सिलिंडर आतून कापून मोठा करून) घ्यावा, आणि किती मारावा, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (मुलुंड)
पिस्टन आणि बोअर या दोन्हींच्या आधी मोजमाप येते. ब्लॉक धुऊन झाल्यावर प्रत्येक सिलिंडर बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक पातळीवर क्रँकच्या दिशेने व तिच्या काटकोनात मोजायला सांगा. असे चारही सिलिंडरचे मिळून 24 आकडे कागदावर लिहून घ्या, कारण झीज सर्वाधिक होते ती पिस्टनच्या वरच्या रिंगच्या जागी, आणि एकाच ठिकाणी मोजणाऱ्याला ती दिसत नाही.

सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडा सापडला, तर त्याचा हिशेब अनेकांचा चुकतो. 0.25 ओव्हरसाइज म्हणजे व्यास तेवढा वाढतो, परंतु भिंतीवरून एका बाजूला निघतो तो फक्त 0.125 मिमीचा थर. ओरखडा याहून खोल असेल तर तो 75.25 ला जाणार नाही आणि 75.50 शिवाय पर्याय उरणार नाही. ज्या सर्वांत लहान मापावर चारही भिंती स्वच्छ निघतील, तेच माप घ्यावे, असे माझे ठाम मत आहे.

76 मिमीच्या मोहाबद्दल आकडेच सांगतो. मूळ इंजिन 1493 सीसीचे आहे, 75.50 ला ते 1513 आणि 76 ला 1533 सीसी होते, म्हणजे एक संपूर्ण मिलिमीटर वाढवून हाती येते ती पावणेतीन टक्क्यांहूनही कमी वाढ. मूळच्या सुमारे 106 अश्वशक्तीवर तिचा परिणाम चालवताना जाणवणेही कठीण आहे. उलट या ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमधील बिडाचे लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) वरच्या टोकाला मोकळे उभे असतात, त्यांना वरून आधार देणारी भिंत नसते, म्हणून लायनर जितका पातळ कराल तितका तो दाबाखाली आकार सोडण्याची शक्यता वाढते, आणि गोलाई गेलेल्या सिलिंडरमध्ये नवी रिंगही नीट बसत नाही. तुमच्या गाडीची हरवलेली ताकद रिंगांच्या सीलमध्ये आणि व्हॉल्व्हच्या बैठकीत आहे. खर्च तिथे करा.

उत्तर (लालबाग)
मुलुंडच्या सरांशी सहमत आहे, फक्त फोर्ज्डबद्दल अनुभवातून लिहितो. फोर्ज्ड पिस्टनमध्ये दोन मिश्रधातू प्रामुख्याने येतात: 4032, ज्यात सुमारे 12 टक्के सिलिकॉन असते, आणि 2618, ज्यात ते नगण्य असते. 2618 मार सहन करतो, पण गरम झाल्यावर अधिक फुगतो, म्हणून त्याला भिंतीपासून जास्त अंतर ठेवावे लागते. माझ्या गाडीत 2618 चे पिस्टन होते आणि मशीन शॉपने ओतीव पिस्टनसाठीचे कंपनीचे क्लिअरन्स (पिस्टन व भिंत यांतील अंतर) धरून बोअर मारला. पहिल्याच आठवड्यात ठाणे–बेलापूर मार्गावर दोन पिस्टन धरले (सिलिंडरमध्ये अडकले) आणि लायनरही गेले. तेव्हापासून पिस्टनच्या पेटीतील कागद मी स्वतः कारागिराच्या हातात देतो, आणि प्रत्येक पिस्टन निर्मात्याने सांगितलेल्या ठिकाणी मायक्रोमीटरने मोजूनच त्या-त्या सिलिंडरचे होनिंग (भिंत बारीक घासून अचूक मापावर आणणे) करून घेतो. म्हणून पिस्टन हातात आल्याखेरीज बोअर मारू देऊ नका.

टर्बो नसेल तर रोजच्या प्रवासाला चांगले ओतीव पिस्टन पुरेसे आहेत. 2618 थंड इंजिनात खडखडतो, आणि सकाळच्या वाहतुकीत थांबत-थांबत जाणाऱ्या गाडीला त्याचा फायदा शून्य आहे.

उत्तर (पनवेल)
मोटार वाहन कायद्याचे कलम 52 लक्षात घ्यावे. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ निर्मात्याच्या तपशिलापेक्षा वेगळे होतील असे फेरफार त्यात निषिद्ध आहेत, आणि सीसी हा त्या तपशिलांपैकी एक आहे. मोठ्या बोअरचा विचार करण्यापूर्वी आरटीओत चौकशी करावी.

प्रश्नकर्ता (दहिसर)
आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल मोजमाप झाले: तिसऱ्या सिलिंडरमध्ये वरच्या भागात सुमारे 0.15 मिमी खोल ओरखडा आहे, बाकी तिघांची झीज किरकोळ आहे. म्हणजे वर दिलेल्या हिशेबाप्रमाणे 75.25 बाद होते. 0.50 चे ओतीव पिस्टन मागवले आहेत, आणि 76 चा विचार पूर्णपणे सोडला आहे. पिस्टन आल्यावर चारही वजन करून, ब्लॉकसोबत एकत्रच कारागिराकडे नेणार आहे. होनिंगच्या वेळी हेडचे बोल्ट कसल्यासारखा ताण देणारी टॉर्क प्लेट या इंजिनासाठी त्यांच्याकडे नाही. मुंबई किंवा ठाण्यात ती कोणाकडे वापरायला मिळेल, हे कोणास ठाऊक असल्यास कृपया कळवावे. मोकळ्या टोकाच्या लायनरसाठी ती वापरूनच काम करून घ्यायची माझी इच्छा आहे.