युरिक ॲसिड वाढलं की डाळ बंद? मला हे पटत नाही

वरणभात:
सासूबाई ७२ वर्षांच्या, पूर्ण शाकाहारी. नेहमीच्या तपासणीत युरिक ॲसिड ७.१ आलं. सांधा सुजला नाही, मूतखडा नाही. तरी नात्यातल्या कुणी सांगितलं म्हणून तूरडाळ, मटार, पालक, फ्लॉवर सगळं बंद! ताटात उरलं दुधी, भात, ताक. दोन महिन्यांत ब्लाउज सैल झालेत. कमी प्युरीनचं (अन्नातल्या ज्या घटकापासून युरिक ॲसिड बनतं त्याचं) पथ्य गाऊट (सांध्यात युरिक ॲसिडचे स्फटिक साचून सूज येणं) झालेल्यांना, युरिक ॲसिडचे खडे होणाऱ्यांना. नुसत्या आकड्यासाठी म्हाताऱ्या माणसाचं वरण काढून घेणं चूक आहे.

तारकर्लीकर:
अजिबात सहमत नाही. माझा आकडा ८.४ होता, मीही 'त्रास कुठंय' म्हणत राहिलो. शिमग्यात तीन दिवस तारली, काळीज, बिअर. चौथ्या पहाटे पायाचा अंगठा लालबुंद, टम्म. चादर लागली तरी ओरडत होतो. त्रास होईपर्यंत थांबायचं कशाला?

वरणभात:
काळीज-बिअर आणि वरण एकाच पारड्यात कसं टाकता? अमेरिकेत ४७ हजारांवर पुरुषांचा १२ वर्षं अभ्यास झाला, २००४ साली छापून आला. मांस-मासे जास्त खाणाऱ्यांना गाऊट जास्त, दूध-दही खाणाऱ्यांना कमी. प्युरीन असलेल्या भाज्यांनी धोका वाढलेला दिसला नाही.

तारकर्लीकर:
तिथे दोन्ही वेळा आमटी कोण ओरपतं? मला मसुराची उसळ खाल्ली की दुसऱ्या दिवशी ठणका लागतो. माझं शरीर मला कळतं.

वॉर्डातली ताई:
तुम्हाला बाधते तर तुम्ही टाळा, पण तो नियम सासूबाईंना लावू नका. युरिक ॲसिड बरंचसं आपल्याच पेशींच्या मोडतोडीतून बनतं, आहारातून साधारण एक तृतीयांश. कडक पथ्यानेही जेमतेम एक अंक उतरतो. ८.४ चं ७.४ झालं तरी ६.८ च्या वर सांध्यात स्फटिक धरू शकतातच. म्हणून वारंवार झटके येणाऱ्याला ॲलोप्युरिनॉलसारखी युरिक ॲसिड उतरवणारी गोळी लागते, नुसत्या पथ्यावर भागत नाही. आणि वरणभात, सासूबाई बीपीसाठी काय घेतात? लघवी वाढवणाऱ्या गोळीनेही युरिक ॲसिड चढतं.

तारकर्लीकर:
गोळी मी घेतोच. बिअर, काळीज, सुकी मासळी सुटली ती कायमची. डाळीबद्दल मात्र अजून शंका आहे.

वरणभात:
ताई, आत्ता पाकीट बघितलं. हायड्रोक्लोरोथायझाइड लिहिलंय, म्हणजे लघवी वाढवणारीच गोळी! सहा महिन्यांपूर्वी सुरू झाली, आकडा त्यानंतरचा. मनाने बंद करणार नाही, सोमवारी डॉक्टरांनाच विचारते. तोवर एक वाटी वरण सुरू केलंय, वरून लिंबू पिळून.