सरकार पैसे देतं म्हणजे संशोधनाची दिशा पण तेच ठरवतं का?

रिकामा_वेळ
मंडळी, एका वादात अडकलोय, मदत हवी आहे. माझा भाऊ सॉफ्टवेअरमधे आहे, त्याचं म्हणणं सरकारने टॅक्स कमी घ्यावा आणि गप बाजूला बसावं, शोध लावायला लोक आणि कंपन्या समर्थ आहेत. मी म्हटलं अरे तू ज्या इंटरनेटवर पोट भरतोस ते आणि तुझ्या फोनमधलं जीपीएस, दोन्ही सरकारी पैशातूनच आलंय की, तर म्हणतो हो का, म्हणजे एखाद्या मंत्र्याने मीटिंग घेऊन सांगितलं होतं का की चला आता इंटरनेट काढा. इथे माझी गाडी अडकली. कारण खरंच, असं कोणी सांगितलं नसेलच ना.

तर प्रश्न असा की सरकार संशोधनात नेमकं करतं काय? नुसता चेक फाडतं का? आणि चेक फाडणाराच विषय पण ठरवत असेल तर मग शास्त्रज्ञाच्या डोक्यातल्या प्रश्नाचं काय होतं? मी कॉमर्सवाला, विज्ञान दहावीनंतर सुटलं, त्यामुळे जरा सोपं करून सांगा. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

जुनी_वही
तुमच्या भावाला सांगा, मीटिंग झाली होती, फक्त ती मंत्र्याची नव्हती.

१९५७ च्या ऑक्टोबरात रशियाने स्पुटनिक सोडला, अमेरिकेचं धाबं दणाणलं आणि १९५८ मधे संरक्षण खात्यात आर्पा नावाची संस्था निघाली. तिच्या कॉम्प्युटर विभागात १९६६ साली बॉब टेलर नावाचा माणूस बसायचा. त्याच्या ऑफिसात तीन टर्मिनल होती, तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या कॉम्प्युटरना जोडलेली, प्रत्येकाची लॉगिनची तऱ्हा वेगळी, एकावर काम करताना दुसऱ्याशी बोलायचं तर खुर्चीवरून उठून दुसऱ्या टर्मिनलवर जायचं. त्याला वैताग आला की हे एकाच टर्मिनलवर का नाही. तो साहेबाकडे गेला आणि त्याच्या स्वतःच्या सांगण्यानुसार २० मिनिटांत १० लाख डॉलर मंजूर करून घेऊन आला. त्यातून आर्पानेट, इंटरनेटचा पहिला अवतार. २९ ऑक्टोबर १९६९ ला पहिला मेसेज पाठवायचा होता 'लॉगिन', पहिली दोन अक्षरं गेली आणि पलीकडची सिस्टिम झोपली.

आता यात सरकारने काय केलं ते बघा. इंटरनेट काढा असं कोणी सांगितलं नाही. पण विषय जाणणारा माणूस खुर्चीवर बसवला, त्याच्या हातात पैसे दिले, आणि १० लाखांसाठी त्याला १० समित्यांपुढे नाचवलं नाही. मला वाटतं नुसत्या रकमेपेक्षा ही व्यवस्था जास्त महत्त्वाची होती.

दुसरी तऱ्हा म्हणजे बक्षीस. १७१४ मधे ब्रिटिश संसदेने कायदा केला, समुद्रावर रेखांश अर्ध्या अंशात काढून दाखवा, २०,००० पौंड घ्या. कसं काढायचं ते तुमचं तुम्ही बघा. सगळ्यांना वाटत होतं उत्तर आकाशातून येणार, चंद्र आणि तारे मोजून, पण ते आणलं जॉन हॅरिसनने, मूळचा सुतार, घड्याळजी झालेला (निघालेल्या बंदराची वेळ अचूक सांभाळता आली की तिथल्या आणि जहाजावरच्या वेळेतल्या फरकावरून रेखांश निघतो). १७६१ ला जमैकाच्या सफरीवर गेलेलं त्याचं घड्याळ फक्त ५ सेकंदांच्या आसपास मागे पडलं. तरी बक्षीस ठरवणारं बोर्ड ऐकेना, त्यात खगोलवाल्यांचं वजन, दरवेळी नवी अट. मधूनमधून उचल दिली हे खरं पण हिशेब पुरा व्हायला १७७३ उजाडलं, तेव्हा बाबा ८० वर्षांचे होते. म्हणजे बक्षीस जाहीर करणं सोपं, परीक्षक कोण बसवणार यावर खरी मेख.

प्रयोगशाळेतला_उंदीर
जुनी वही, मस्त प्रतिसाद. पण आजकाल २० मिनिटांत आम्हाला प्रिंटरची शाई पण मंजूर होत नाही.

मी आतली बाजू सांगतो. मी एका लॅबमधे आहे, कुठली ते विचारू नका. आम्ही एका बारीकशा किड्यातलं एक प्रोटीन बघतो, ते घडी कसं घालतं आणि घडी चुकली की काय होतं. माझे सर गेली वीसेक वर्षं हेच बघतायत. ग्रँटचं प्रपोजल लिहिताना फॉर्ममधे एक रकाना असतो, हे संशोधन कुठल्या प्राधान्य क्षेत्रात बसतं. ती यादी सरकार बदललं की बदलते, कधी सरकार तेच असतं आणि फॅशन बदलते. मग आमच्या प्रपोजलच्या नावाचं शेपूट बदलतं. आधी शेवटी नॅनो होतं, मग कॅन्सर आलं, आता एआय आहे. किडा तोच आहे.

हसू नका, याचा परिणाम होतोच. शेपूट लावलं की निदान एक प्रयोग त्या शेपटासाठी करावा लागतो, एक विद्यार्थी त्यावर लावावा लागतो, आणि पाच वर्षांनी तो विद्यार्थी त्या शेपटाचाच तज्ज्ञ म्हणून बाहेर पडतो. म्हणजे चेक फाडणारा सरांचा विषय बदलू शकला नाही पण पुढच्या पिढीचा त्याने बदलला.

आणि पैसे किती यापेक्षा पैसे कधी आणि कुठल्या हेडखाली येतात ते बघा. हप्ता येतो वर्ष संपत आल्यावर, आणि वर्ष संपायच्या आत खर्च दाखवला नाही तर पुढचा हप्ता अडतो, दोनतीन आठवड्यांत एवढी रक्कम कशी खर्च होणार, तर मशीन घेऊन. आमच्याकडे असाच एक मायक्रोस्कोप आला. तो चालवता येणारी एकच मुलगी होती, तिची फेलोशिप संपली, मुदतवाढ मागितली तर उत्तर आलं की पगाराचं हेड वेगळं आणि उपकरणांचं वेगळं, इकडचे पैसे तिकडे करता येत नाहीत. ती गेली. मायक्रोस्कोपवर अजून कव्हर आहे, मी सोमवारी जाऊन धूळ झटकतो. यात कोणी पैसे खाल्ले नाहीत, कोणी वाईट नाही, सगळ्या सह्या बरोबर आहेत.

तिरकस
म्हणजे भाऊच बरोबर की हो. सरकारला विज्ञानातलं कळतं हा गैरसमज आधी काढून टाका. स्टॅलिनच्या रशियात लायसेन्को नावाच्या शेतीतज्ज्ञाने सांगितलं जनुकं बिनुकं थोतांड आहे, साहेबाला ते आवडलं, आणि वाव्हिलोव्ह, ज्याने जगभर फिरून पिकांची बियाणी जमवली होती, त्याला १९४० मधे उचलला, १९४३ मधे तो तुरुंगात उपासमारीने गेला. १९४८ नंतर तर जनुकशास्त्र शिकवायचीच बंदी. एका देशाचं जीवशास्त्र दोन दशकं मागे.

लोकशाहीवाले फार शहाणे असं पण नाही. टेक्सासमधे ८७ किमी परिघाचा कोलायडर, म्हणजे सूक्ष्म कण एकमेकांवर आदळवून बघायचं यंत्र, बांधायला घेतला, २३ किमीच्या वर बोगदा खणला, साधारण २ अब्ज डॉलर घातले आणि ऑक्टोबर १९९३ मधे अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, रद्द केला. बोगदा बुजवायला सोडून दिला. असल्या यंत्रांनी जो शोधायचा होता तो हिग्ज कण सापडला २०१२ मधे, युरोपात. धन्यवाद सरकार.

जुनी_वही
तिरकसराव, तो कण सापडला ती सर्न ही युरोपातली प्रयोगशाळा पण सरकारांच्याच पैशावर चालते की! फरक एवढाच की ती १९५४ पासून अनेक देशांच्या कराराने बांधलेली आहे, प्रत्येक देशाचा वाटा ठरलेला, एका संसदेत एका वर्षी हवा फिरली म्हणून बोगदा अर्धा टाकून देता येत नाही. टेक्सासवाल्यांना दरवर्षी नव्याने पदर पसरायला लागायचा. लायसेन्कोबद्दल मात्र काही बोलत नाही, तिथे वादच नाही.

पेटंटवाली
सगळे ग्रँटबद्दलच बोलताय म्हणून राहवलं नाही. मी पेटंटचं काम करते. माझ्या बघण्यात सरकार सगळ्यात जास्त खेळ करतं ते पैसे न देता, नियमाने.

अमेरिकेत १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा आला, गाड्यांच्या धुरातले काही वायू थोड्या वर्षांत ९०% कमी करा म्हणून. गाडी कंपन्या म्हणाल्या अशक्य, असं तंत्रज्ञानच नाही. मुदत थोडी पुढे सरकली पण १९७५ च्या मॉडेलमधे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसलाच. आणि गंमत अशी की पेट्रोलमधल्या शिशाने कन्व्हर्टर बाद होतो, त्यामुळे बिनशिशाचं पेट्रोल पंपावर आणावं लागलं. एका कलमाने इंजिनवाले, रसायनवाले आणि रिफायनरीवाले तिघांना कामाला लावलं.

दुर्मिळ आजारांचं पण तसंच. पेशंट मूठभर, मग औषध कोण शोधणार? १९८३ मधे तिथे कायदा झाला की अशा औषधाला ७ वर्षं त्या आजारापुरती बाजारात एकट्याची जागा, शिवाय करात सूट. कंपन्या वळल्या. नंतर काहींनी त्याची किंमत आकाशाला भिडवली हे पण तितकंच खरं, एकट्याची जागा दिली की भाव सांगणारा पण एकटाच राहतो.

उलट दिशेने भारताचा १९७० चा पेटंट कायदा बघा. औषधाच्या रेणूला पेटंट नाही, फक्त बनवायच्या पद्धतीला. झालं, आपले केमिस्ट तोच रेणू दुसऱ्या वाटेने बनवण्यात पटाईत झाले. २००५ ला रेणूला पेटंट परत आलं तोवर एक अख्खा उद्योग उभा होता. पण नवीन रेणू शोधायची सवय त्यात लागली नाही, कारण कायद्याने तिचं बक्षीसच ठेवलं नव्हतं. नियम जिकडे उतार देतो तिकडे डोकी वाहतात.

अजून एक, १९८० चा बे-डोल कायदा. त्याआधी अमेरिकेत सरकारी पैशातून लागलेल्या शोधाचा मालक बहुतेक वेळा सरकारच, आणि हजारो पेटंटं फायलीत पडून. कायद्याने मालकी विद्यापीठांना घेऊ दिली, मग प्रत्येक विद्यापीठाने पेटंट विकायचं ऑफिस उघडलं. माझा धंदा त्यावरच चालतो म्हणून तक्रार करत नाही, पण आता प्राध्यापक सेमिनार देण्याआधी मला फोन करून विचारतात की हे बोललं तर चालेल ना. हे मला आवडत नाही.

रिकामा_वेळ
सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. भावाला धागा पाठवला. तो म्हणतो पेटंटवाली ताईंचं पटलं, नियम ठीक आहे, पण ज्याचा उपयोगच माहीत नाही अशा किड्याबिड्यांवर लोकांच्या टॅक्सचा पैसा का घालायचा. (उंदीर साहेब, शब्द त्याचे आहेत, माझे नाहीत!)

प्रयोगशाळेतला_उंदीर
राग नाही, किड्यालाही नाही.

भावाने कधी नाकात काडी घालून कोविडची टेस्ट केली होती का विचारा. त्यातली पीसीआर टेस्ट डीएनएच्या प्रती काढूनच चालते. त्या प्रती काढायच्या तर नमुना दरवेळी ९५ अंशांच्या आसपास तापवून दोन धागे सुटे करावे लागतात. सुरुवातीला प्रती काढणारं जे एन्झाइम (एक प्रोटीन) वापरायचे ते त्या तापात मरायचं, म्हणून प्रत्येक फेरीला ट्यूब उघडायची, नवीन थेंब टाकायचा, बंद करायची, पुन्हा तापवायची. असल्या २५-३० फेऱ्या. माणूस तिथेच बसून. मग टाक नावाचं एन्झाइम आलं जे तापात टिकतं, एकदा घालायचं आणि झाकण लावून निघून जायचं.

ते आलं कुठून? यलोस्टोनच्या उकळत्या झऱ्यांमधून. १९६० च्या दशकात थॉमस ब्रॉक नावाचा माणूस अमेरिकेच्या सरकारी विज्ञान निधीवर तिथे जाऊन बघत होता की इतक्या गरम पाण्यात काही जगतं का. एवढाच प्रश्न. त्याला आणि त्याच्या विद्यार्थ्याला ७० अंशांत मजेत वाढणारा एक जिवाणू सापडला. पीसीआर निघालं १९८३ मधे, म्हणजे ब्रॉक झऱ्याकाठी वाकून उभा होता तेव्हा पीसीआर हा शब्द पण नव्हता. कुठल्या कंपनीने त्याला तिथे पाठवलं असतं? तिची चूक नाही, तिला तीन महिन्यांनी हिशेब द्यायचा असतो.

तिरकस
हे मान्य. पण मग अशा शंभर झऱ्यांपैकी नव्व्याण्णव कोरडे निघतात ते पण सांगा.

प्रयोगशाळेतला_उंदीर
निघतातच. कुठला ओला ते आधी कळत असतं तर मीच कंपनी काढली असती.

रिकामा_वेळ
शेवटचं विचारतो, ब्रॉकला आज तुमचा तो फॉर्म भरायला लागला असता तर प्राधान्य क्षेत्राच्या रकान्यात त्याने काय लिहिलं असतं?

प्रयोगशाळेतला_उंदीर
पर्यटन विकास, बहुतेक.

बाकी उद्या बोलू. आमचं पोर्टल आज रात्री १२ ला बंद होतंय आणि 'समाजाला होणारा अपेक्षित लाभ, २५० शब्दांत' अजून कोराच आहे.