बस्ता फाडायला कुठे जायचात? खान्देशातल्या घरच्या मोठ्या दुकानांचे अनुभव

तापीकाठ:
काल पुतणीच्या लग्नाचा बस्ता झाला. थानातून शर्टपीस टर्रकन फाडल्याचा आवाज आला आणि लहानपणचं जळगावचं दुकान डोळ्यापुढे उभं राहिलं. खाली सुटिंग-शर्टिंग, वर साड्या, त्याच्या वर लुगडी आणि सोलापुरी चादरी. चार भाऊ, गल्ला एकच. आम्ही यावलहून यष्टीने सगळं गणगोत घेऊन यायचो. पांढऱ्या गादीवर टेकलं की आधी पाणी, मग चहा, मग "कोनाकडचं लगीन?" किमतीचं नंतर. आहेराची यादी थोरले शेठच पुरी करायचे. "मोठ्या आत्याचं पातळ राहिलं बरं का!" आमच्या आत्या किती, हे त्यांना तोंडपाठ होतं. दोन-तीन गावांत शाखा असलेली अशी घराणी आपल्याकडे बरीच होती. लिहा ना तुमच्या गावची.

कपाशीवाला:
उधारी! त्याशिवाय ही दुकानं कळायची नाहीत. अक्षयतृतीयेला नेलेल्या कपड्याचे पैसे कापूस विकल्यावर. 1972 पासून सरकारची कापूस एकाधिकार खरेदी आली, तेव्हा पैसे एकदम हातात पडत नसत, हप्त्याने यायचे. तेवढे दिवस शेठ थांबायचा. कागद नाही, सही नाही, फक्त त्याच्या खतावणीत आजोबांचं नाव. दुष्काळात लोकांच्या अंगावर कपडा राहिला तो या खतावण्यांमुळे, असं मी मानतो.

भुसावळ_प्लॅटफॉर्म:
आमच्याकडे कापूस कुठला! रेल्वे आणि ऑर्डनन्स फॅक्टरीचा पगार झाला की दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. शाखा जळगावच्याच घराण्याची, पण माल वेगळा. खाकी, गणवेशाचं कापड, आणि पंजाबी-मद्राशी शेजारणींना लागणाऱ्या साड्या. माझा पहिला टेरिकॉटचा शर्ट तिथलाच. रंग गेला नाही, मीच त्यात मावेनासा झालो.

तापीकाठ:
@भुसावळ_प्लॅटफॉर्म, टेरिकॉट 😄 उन्हाळ्यात घामाने जीव जायचा तरी सगळ्यांना तेच हवं असायचं.

मधली_सून:
मी अशाच एका घरात सून म्हणून आले, धुळ्याच्या शाखेत. म्हणून आतलं थोडं लिहिते. आजेसासऱ्यांनी आठवडे बाजारात गाठोडं घेऊन सुरुवात केली. बैलगाडीत कापड, गज हातात. मग धुळ्यात पाचकंदीलजवळ लहानसं दुकान. मुलगे मोठे झाले तसं एकेकाला एकेक गाव दिलं. खरेदी मात्र सगळ्यांची मिळून. साड्या सुरतेहून, धोतरं-चादरी मालेगाव-सोलापूरच्या, भारी माल मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटमधून. एका गावात न खपलेला रंग दुसऱ्या गावी जायचा. धुळ्यात पडून राहिलेली गर्द जांभळी लुगडी शहाद्याला हातोहात संपायची. ज्याला गिऱ्हाइकाची नजर कळायची तोच माल फिरवायचा, आणि ती नजर माझ्या सासूबाईंना होती, पुरुषांना नव्हे. त्या दुकानात कधी बसल्या नाहीत, पण पोटमाळ्यावर गठ्ठे फुटले की आधी त्यांना बोलावणं.

मालाच्या चिठ्ठीवर आकडे नसायचे, अक्षरं असायची. एकही अक्षर दोनदा न येणारा दहा अक्षरांचा शब्द, एकेका अक्षराला एकेक आकडा. खरेदी किती पडली हे गिऱ्हाइकासमोर नुसतं बघून कळायचं. शब्द घरातल्यांनाच माहीत. लग्न होऊन आल्यावर मला तो दिवाळीच्या वहीपूजनाला सांगितला, तेव्हा मी त्या घरची झाले असं वाटलं. तो अजूनही लिहिणार नाही.

सातपुड्याची_लेक:
आम्ही नंदुरबारवाले, बस्त्याला सरळ सुरत! गाडीत बसलं की झालं. पण धडगाव-अक्कलकुव्याची गिऱ्हाइकं आमच्या गावच्या दुकानात होळीच्या आधी यायची, आदिवासींच्या भोंगऱ्या बाजाराच्या वेळी. लाल, पिवळा, झगमगीत काठ. दुकानातली माणसं भिलोरी बोलायची, अस्खलित. त्याशिवाय धंदाच नव्हता.

अहिर_भाऊ:
आते तसा दुकानदार कोठे ऱ्हायनात भो!

मिलकामगाराचा_मुलगा:
जळगावला खान्देश मिलचा भोंगा बंद झाला आणि आमच्या गल्लीचं गिऱ्हाईकच बसलं. वडिलांची उधारी शेठने दोन दिवाळ्या मागितली नाही. मोठा भाऊ कामाला लागल्यावर थोडी थोडी फेडली. त्या जागेवर आता खान्देश सेंट्रल मॉल उभा आहे. मुलांना घेऊन जातो तिथे, पण पार्किंगमध्ये गाडी लावताना आत कुठेतरी हलतंच.

कपाशीवाला:
@मधली_सून, दुकानं आहेत का अजून?

मधली_सून:
दोन आहेत. वाटण्या झाल्या, एकत्र खरेदी संपली, तिथेच कंबर मोडली. लोक मॉलला दोष देतात, मला तो पटत नाही. मॉल येण्याआधीच भावाभावांत गठ्ठे मोजायला लागले होते. रेडीमेड आलं तेव्हा ज्याने वेळीच एक मजला त्याला दिला तो टिकला. आमचे धाकटे दीर टिकले. पुतण्या आता फोनवर साड्या दाखवतो, पुण्या-नाशिकच्या लेकी मागवतात.

भुसावळ_प्लॅटफॉर्म:
पुतण्याचा नंबर इथे नको, मला निरोपात पाठवा ताई. बायकोला साडी हवी आहे, पैठणी सोडून काहीही.

सातपुड्याची_लेक:
पैठणी का नको? येवला काय लांब आहे, मनमाडच्या थोडं पुढेच.

भुसावळ_प्लॅटफॉर्म:
दोन आहेत हो तिच्याकडे, कपाटातून बाहेर निघत नाहीत. रोज नेसायला हवी आहे.

मधली_सून:
मग सुती सांगते त्याला. रंग कळवा.