किमची मॅक अँड चीज: सॉस फाटू नये म्हणून

मॅक अँड चीजमध्ये (चीज सॉसमधली मॅकरोनी) किमची, म्हणजे कोरियन पद्धतीचा आंबवलेला तिखट कोबी, घातली की सॉस कधीकधी फाटतो. दोष किमचीच्या आंबटपणाचा आणि पाण्याचा. पाऊण वाटी किमची घट्ट पिळून, बारीक चिरून, वेगळ्या तव्यावर कोरडी होईपर्यंत परता आणि गॅस बंद केल्यावरच सॉसमध्ये मिसळा. (पिळलेलं पाणी फेकू नका, सूपमध्ये झकास लागतं.)

२०० ग्रॅम मॅकरोनीला २ मोठे चमचे बटर, तेवढाच मैदा, अर्धा लिटर दूध. मैदा परतला की दीड मोठा चमचा गोचुजांग (आंबवलेल्या मिरचीची कोरियन पेस्ट), मंद आचेवर जेमतेम अर्धा मिनिट. त्यात साखर असते, करपली की कडवटपणा जात नाही. मग दूध. १५० ग्रॅम चेडार चीजही आच बंद करूनच, नाहीतर सॉस रवाळ होतो. मीठ शेवटी, चाखून.