आईंसाठी कानामागचं यंत्र बरं

आईंना बाहेरून न दिसणारं, कानाच्या आत बसणारं श्रवणयंत्र घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. त्यांची बोटं थरथरतात असंही लिहिलंय, म्हणून मी कानामागचंच सुचवेन. अगदी लहान यंत्रातली १० नंबरची बॅटरी शर्टाच्या गुंडीहून लहान असते, बदलताना हातातून निसटते. कानामागच्यात त्याहून मोठी १३ नंबरची किंवा चार्जिंगची मिळते. शिवाय आतल्या यंत्राच्या तोंडाशी मळ साचून आवाज बंद पडतो, तो वैताग वेगळाच.

त्याआधी ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या कानाला किती ऐकू येतं याचा आलेख, हवाच, आणि शब्द किती समजतात ही चाचणीही आग्रहाने मागा. ऐकू येतं पण कळत नाही, ही तक्रार नुसता आवाज वाढवून जात नाही. दोन्ही कान अधू असतील तर शक्यतो दोन यंत्रं घ्या, गोंगाटात बोलणं वेगळं काढायला दोन्ही कानांची मदत होते. विकत घेण्याआधी घरी ट्रायल मागा. चार माणसं एकदम बोलत असताना लावून बघा.

मुंबईत असाल तर वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण संस्थेत तपासणी होते. दिव्यांग प्रमाणपत्र असेल आणि उत्पन्न मर्यादेत असेल, तर दिव्यांगांना उपकरणांसाठी मदत देणाऱ्या केंद्र सरकारच्या अ‍ॅडिप योजनेचीही तिथेच चौकशी करा.